३६ गुण, ३६ प्रश्न आणि कांदेपोहे: 'सायकॉलॉजी म्हणते' यावर किती विश्वास ठेवायचा?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत एखाद्या घरी स्थळ आलं, की व्हॉट्सॲपवर आधी बायोडाटा येतो, पाठोपाठ पत्रिका. ३६ पैकी १८ गुण जुळले की बघण्याचा कार्यक्रम ठरतो. आता त्यात नवी भर पडली आहे. जिचं लग्न ठरतंय तिच्या मोबाईलवर रील येतं, 'हे ३६ प्रश्न विचारा, कुणीही प्रेमात पडेल.' दुसरं रील तिची 'लव्ह लँग्वेज' सांगतं, तिसरं मुलाची 'अटॅचमेंट स्टाईल'. पत्रिकेला हसणारी पोरंसुद्धा यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

पत्रिकेची एक परीक्षा महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ च्या सुमारास जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २०० मुलांच्या पत्रिका तयार केल्या. त्यातली १०० मुलं अभ्यासात हुशार, १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम. कोणती पत्रिका कोणाची, हे २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन विचारलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आली असती. ही परीक्षा लग्नाची नव्हती, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: उत्तर झाकून ठेवायचं, भाकीत आधी करायला लावायचं, मग मोजायचं.

हीच फूटपट्टी मानसशास्त्राला लावून पाहू.

ते ३६ प्रश्न खरे आहेत. आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या आणि ४५ मिनिटं एकमेकांना प्रश्न विचारायला सांगितलं. हळूहळू खासगी होत जाणाऱ्या प्रश्नांनंतर त्यांना, नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा, एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. जवळीक, प्रेम नव्हे. २०१५ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रातल्या लेखानंतर हे प्रश्न जगभर पसरले आणि 'जवळीक'चं 'प्रेम' झालं.

लव्ह लँग्वेजचा पाया आणखी कच्चा आहे. गॅरी चॅपमन हे चर्चमध्ये समुपदेशन करणारे पाद्री. त्यांचं पुस्तक १९९२ चं. प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते आणि ती जुळली की संसार सुखाचा होतो, या दाव्याला उपलब्ध संशोधनात भक्कम आधार नसल्याचं २०२४ च्या एका आढाव्यात दिसलं. बहुतेकांना पाचही भाषा हव्याच असतात. कोणाला नको असतील?

अटॅचमेंटचं तसं नाही. हझान आणि शेव्हर यांनी १९८७ मध्ये डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रात प्रश्नावली छापली. ६२० उत्तरांपैकी ५६ टक्के लोक नात्यात निर्धास्त, २५ टक्के अंतर ठेवणारे, १९ टक्के धास्तावलेले निघाले. पुढे असंख्य अभ्यासांनी या कल्पनेला आधार दिला. पण हे कप्पे नाहीत, कमी-जास्त होणारं प्रमाण आहे आणि जोडीदारानुसार ते बदलतंही. दोन मेसेजना उशिरा उत्तर आलं म्हणून मुलाला 'अव्हॉयडंट' ठरवणं हा रीलचा शोध.

आता आपल्या घरातला दावा. 'लव्ह मॅरेजमधलं प्रेम पाच वर्षांत ओसरतं, अरेंज्डमधलं वाढतं.' काका-मामा हे सांगतात तेव्हा त्यांना माहीत नसतं, पण याचा उगम जयपूरमधल्या एका अभ्यासात आहे. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. जोडपी एकूण ५०, निम्मी प्रेमविवाहाची, निम्मी ठरवून झालेल्या लग्नाची. लग्नाला किती वर्षं झाली यानुसार त्यांचे पुन्हा गट पाडलेले, म्हणजे एकेका गटात अगदी मोजकी जोडपी उरली. शिवाय तीच जोडपी वर्षानुवर्षं तपासलेली नव्हती. नवविवाहित वेगळे, जुने वेगळे. त्यावरून 'वाढलं' आणि 'ओसरलं' म्हणणं म्हणजे थोरल्या भावाची उंची पाहून धाकटा किती वाढला ते सांगण्यासारखं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ५८ भारतीयांच्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेमाचा फरक आढळला नाही. तोही अभ्यास लहानच. म्हणजे या प्रश्नावर ठाम बोलायला कोणाकडेच पुरेसा पुरावा नाही, काकांकडेही नाही.

परदेशी सिद्धांतांची दुसरी अडचण वेगळीच आहे. सहवास, सारखेपणा, आकर्षण हे सगळं माणूस स्वतः निवडतो असं ते धरून चालतात. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के होती. कॉलेजात तीन वर्षं शेजारी बसलेल्याचा सहवास घडतो, पण त्याचा बायोडाटा घरात येतच नाही.

कांदेपोह्यांना सगळ्यात जवळचा प्रयोग २०१७ चा आहे. समॅन्था जोएल आणि सहकाऱ्यांनी तरुणांच्या शंभराहून अधिक आवडीनिवडी आणि स्वभावगुण आधी नोंदवले, मग त्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. कोण सर्वसाधारणपणे जास्त आवडेल, हे संगणकाला थोडंफार सांगता आलं. कोणाचं कोणाशी खास जुळेल, हे मात्र नाही. बायोडाटा कितीही लांबवला तरी हीच गत.

याच जोएल यांनी २०२० मध्ये ११ हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. दोघांचे सुटे स्वभाव पाहण्यापेक्षा 'समोरच्याला माझी कदर आहे का, तो या नात्यात मनापासून आहे का' याचं उत्तर नात्यातल्या समाधानाबद्दल जास्त सांगून गेलं. आणि ते उत्तर वडीलधाऱ्यांसमोर पोह्यांची बशी हातात धरून मिळत नाही. दुसरी भेट, तिसरी भेट, मोठी माणसं बाहेरच्या खोलीत आणि मुलीला 'नाही' म्हणायची मुभा, एवढं तरी लागतं. तेव्हा ते ३६ प्रश्न विचारायला हरकत नाही.