विंचूदंश आणि परिचारिकेची जागरूक नजर

कोकणातील लाल विंचवाचा दंश, विशेषतः बालकांना, प्राणघातक ठरू शकतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषबाधेवर प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता सिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीने प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

तथापि औषधाइतकेच निरीक्षणास मोल आहे. केवळ तीव्र वेदना हे धोक्याचे लक्षण नव्हे. वेदना कमी, पण दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार, अशा रुग्णाच्या हृदयावर ताण येत असल्याचे ओळखून आमच्या परिचारिका तत्काळ डॉक्टरांना पाचारण करतात. प्राझोसिननंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रडणाऱ्या मुलासही कडेवर न घेता निजवूनच ठेवावे, हे त्या मातेला समजावून सांगतात. हातपाय पुन्हा उबदार होणे ही सुधारणेची खूण होय.

पादत्राणे व अंथरूण झटकून वापरावे, अंधारात विजेरी घ्यावी आणि दंशानंतर मंत्र-उताऱ्यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, अशी आमची नम्र विनंती आहे. रात्रपाळीतील ही जागरूक सेवा आपल्या उदार साहाय्यावरच उभी आहे.