आधी ऐका, मग बोला

वर्गात चाळीस मुले एकदम बोलू लागली, तर कोणाचेच बोलणे कोणाला कळत नाही. बिनतारी संदेशवहनात नेमकी हीच अडचण असते. समजा, एका गावातील दहा हौशी बिनतारीचालकांनी आपले संगणक एकाच वारंवारतेवर बोलते करायचे ठरवले. मग कोणी केव्हा बोलायचे? येथे ना वर्गशिक्षक, ना घंटा!

संगणक आणि बिनतारी संच यांच्यामध्ये बसवलेली एक छोटी पेटी हे जमवते. तिचे नाव 'टर्मिनल नोड कंट्रोलर'; हौशी मंडळी तिला 'टीएनसी' म्हणतात. अमेरिकेत ॲरिझोनातील टूसॉन येथील 'टॅपर' या हौशी संस्थेची 'टीएनसी-२' ही पेटी १९८५ मध्ये आली आणि जगभर नावाजली. आज पुष्कळ ठिकाणी हे काम संगणकातील आज्ञावलीच करते, परंतु आज्ञांमागचे विज्ञान तेच आहे.

पेटी सुरू केली की पडद्यावर 'सीएमडी' ही अक्षरे आणि विसर्गासारखी दोन टिंबे उमटतात. म्हणजे, 'आज्ञा द्या.' पहिली आज्ञा 'मायकॉल'. तिच्यापुढे आपले कॉलसाइन लिहायचे. ते परीक्षा देऊन, परवाना मिळवल्यावरच मिळते. भारतात वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. मग 'कनेक्ट' लिहून समोरच्याचे कॉलसाइन लिहायचे. जोडणी झाली की तुम्ही टंकाल ते त्याच्या पडद्यावर! 'डिस्कनेक्ट' म्हटले की संभाषण संपले. एवढे कोणालाही जमते. खरी मौज आहे ती आकड्यांच्या आज्ञांत.

पेटी मजकुराचे तुकडे करते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक 'पॅकेट'. 'पॅकलेन' ही आज्ञा त्याची लांबी ठरवते. साधारणतः १२८ अक्षरे. एका अक्षराला ८ बिट, म्हणून १०२४ बिट झाले. पत्ते वगैरे धरून आणखी सुमारे १६०. ही पेटी १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांची अदलाबदल करून सेकंदाला १२०० बिट पाठवते. म्हणजे एका पॅकेटला जवळजवळ १ सेकंद लागतो.

पण संच बोलू लागण्याआधी 'खाकरतो'! प्रेषक पूर्ण शक्तीवर यायला आणि समोरच्याचा ग्राही जागा व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढे थांबण्याची आज्ञा 'टीएक्स-डिले'. तिचे एकक सेकंदाचा शंभरावा भाग. ३० लिहिले की ०.३ सेकंद. आकडा फार लहान ठेवला तर पॅकेटचे डोकेच कापले जाते. म्हणून काहीजण सरळ १०० लिहून मोकळे होतात. मग एका सेकंदाच्या निरोपासाठी रस्ता दोन सेकंद अडतो. हा मला शुद्ध आळस वाटतो. आकडा पाच-पाचने उतरवत जावा, पॅकेटे हुकू लागली की थोडे मागे यावे. दहा मिनिटांचे काम!

पॅकेटच्या शेवटी १६ बिटांची पडताळणी-संख्या असते. आलेल्या बिटांवरून ग्राही पेटी तीच संख्या पुन्हा काढते. जुळली नाही तर पॅकेट निमूटपणे टाकून देते. पोच आली नाही, की 'फ्रॅक' या आज्ञेने ठरवलेला वेळ, बहुधा ३ सेकंद, थांबून प्रेषक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. असे किती वेळा करायचे ते 'रिट्राय' ठरवते. वादळानंतर मदत-छावणीला औषधांची यादी पाठवायची असेल, तर याची किंमत कळते. खरखरत्या आवाजात 'सात' आणि 'साठ' यांत फरक तो किती?

आता मूळ प्रश्न. पेटी बोलण्यापूर्वी वाट मोकळी आहे का ते ऐकते. पण दोन केंद्रे एकाच वेळी वाट पाहत असतील, तर शांतता होताच दोघेही सुरू होणार आणि पॅकेटांची टक्कर होणार. यावर नंतरच्या पेट्यांत नामी युक्ती आली: फासे टाका! 'स्लॉटटाइम' १० ठेवले, तर पेटी दर ०.१ सेकंदाला फासा टाकते. 'पर्सिस्ट' ६३ म्हणजे २५६ पैकी ६४, चारांतून एकदा, 'बोल' असे दान पडते. दोघांनाही एकदम हे दान पडण्याची शक्यता १६ त १. एकालाच पडण्याची १६ त ६. आपला निरोप आधी जावा म्हणून दोघांनीही 'पर्सिस्ट' २५५ केले, तर प्रत्येक वेळी टक्कर ठरलेली. घाई करणाराच अडकतो.

अर्थात, दोन केंद्रांमध्ये डोंगर असला तर त्यांना एकमेकांचे ऐकूच येत नाही; तिथे फासेही हात टेकतात. मग माथ्यावर असे केंद्र लागते, की जे एका वारंवारतेवर ऐकेल आणि त्याच क्षणी दुसरीवर सर्वांना ऐकवेल.

पेटी नसली तरी हा खेळ वर्गात करता येईल. प्रत्येक 'केंद्रा'ने दोन नाणी उडवायची. दोन्ही छाप पडले तरच बोलायचे. आधी दोन केंद्रे घ्या, मग तीन. तिघांत एकटाच बोलण्याच्या आणि टक्करीच्या वेळा मोजा. पुष्कळ फेऱ्या केल्यात, तर त्यांचे प्रमाण २७ ला १० च्या जवळ यायला हवे. का, ते कागदावर सोडवून पाहा.