टाऊन हॉल आधी, न्यू पॅलेस नंतर

कोल्हापूर शहराचा जुना इतिहास सांगणारे सरकारी वस्तुसंग्रहालय भाऊसिंगजी रस्त्यावर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमध्ये आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे हे संग्रहालय गावात ‘टाऊन हॉल म्युझियम’ याच नावाने ओळखले जाते. रिक्षावाल्याला नुसते ‘टाऊन हॉल’ म्हटले तरी पुरते. बाहेरगावचा पाहुणा मात्र अंबाबाईचे दर्शन घेतो, न्यू पॅलेस आणि रंकाळा बघतो आणि परत जातो. गावातल्या माणसाचेही फारसे वेगळे नसते. शाळेच्या सहलीत एकदा टाऊन हॉल पाहिला की पुन्हा तो तिकडे फिरकत नाही. हा क्रम उलटा करण्यात फायदा आहे. न्यू पॅलेस सांगतो तो संस्थानचा इतिहास, जेमतेम दोनतीनशे वर्षांचा. टाऊन हॉलमधला इतिहास दोन हजार वर्षांपूर्वी सुरू होतो.

इमारतीपासूनच सुरुवात करावी. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याच्याच नावावर आहेत. कोल्हापुरात सीपीआरची जुनी इमारत आणि न्यू पॅलेसही त्याचेच. त्यामुळे टाऊन हॉलच्या बागेत उभे राहून रस्त्यापलीकडे पाहिले की एकाच माणसाचे दोन नमुने समोरासमोर दिसतात. टाऊन हॉलचा तोंडवळा युरोपातल्या गॉथिक इमारतींचा आहे. न्यू पॅलेसला हात घालेपर्यंत मँट देशी घाटाकडे बराच वळला होता. हा फरक ध्यानात ठेवून पुढे गेले तर राजवाडा पाहताना मजा येते.

संग्रहालय जन्माला आले ते एका टेकाडामुळे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचा उंचवटा आहे. चाळीसच्या दशकाच्या मध्याला तिथे काशाच्या वस्तूंचा साठा हाती लागला. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक आणि कन्नड शिलालेखांचे जाणकार के. जी. कुंदनगार यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले. सातवाहन, शिलाहार, बहामनी, मराठे अशा काळांचे थर एकाखाली एक निघाले. सापडलेल्या वस्तू ठेवायला जागा हवी म्हणून १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि काही वर्षांत ते टाऊन हॉलमध्ये आले.

या साठ्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू चटकन नजरेत भरत नाही, कारण ती वीतभरही उंच नाही. ही पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची काशाची मूर्ती. दाढीवाला, उघड्या अंगाचा, कसलेल्या बांध्याचा देव. एक हात उंच उगारलेला, त्रिशूळ धरल्यासारखा. पण त्रिशूळ मात्र नाही. घडण रोमन साम्राज्यातली, काळ इसवी सनाचे पहिले शतक किंवा त्याच्या आसपासचा. तिच्याजवळ थोडा वेळ थांबावे. शरीराचा भार एका पायावर टाकून उभे राहण्याची ती ढब आपल्याकडच्या मूर्तिकारांची नव्हे, हे शिल्पकलेतले काही न कळणाऱ्यालाही जाणवते. मग साहजिकच प्रश्न पडतो की समुद्रापासून एवढ्या दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे, ही मूर्ती आली कशी? रोमन जहाजे सोपारा, कल्याण, चौल अशा कोकणातल्या बंदरांना लागत. तिथला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. त्या वाटांवरच्या भरभराटीच्या ठाण्यांपैकी कोल्हापूर एक होते. साठ्यातले काशाचे आरसे, भांडी आणि हत्तीवर बसलेले छोटे स्वार त्याच सुबत्तेची साक्ष देतात.

ब्रह्मपुरीची नाणीही मासलेवाईक आहेत. बरीचशी शिशाची, एका बाजूला धनुष्यबाण आणि दुसरीकडे टेकडी व झाड. त्यांवरची नावे वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर अशी. म्हणजे राजाच्या नावाआधी त्याच्या आईच्या कुळाची ओळख. ही नाणी एवढी झिजलेली असतात की अक्षरे दिसायला डोळे ताणावे लागतात. लहान भिंग जवळ असले तर मुले या नाण्यांपाशी रमतात, एरवी ती तोफा आणि तलवारींकडे पळतात. पुढच्या दालनांत दगडी शिल्पे, शस्त्रे आणि आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची कामे आहेत. चित्रांसाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवावा.

पाहून झाले की वस्तू जिथे सापडल्या त्या ब्रह्मपुरीकडे चालत जाता येते. टेकाडावर आज घरे आहेत. उत्खननाची काही निशाणी सापडेल, अशी आशा धरू नये. तरी वरून नदी, घाट आणि गावाचा रोख एका नजरेत येतो आणि काचेआडच्या वस्तूंना पत्ता मिळतो.

बेत आखताना वाराची चौकशी आधी करावी. सोमवारी संग्रहालये बंद असतात आणि शनिवार-रविवार जोडून आलेल्यांचा हमखास सोमवारीच खोळंबा होतो. सरकारी इमारत म्हटली की दुरुस्ती आलीच. एखादे दालन बंद आहे का, हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्यावे. टाऊन हॉलला दीड-दोन तास लागतात, तो सकाळी उरकावा आणि दुपारी न्यू पॅलेसला जावे. रिक्षाने हे अंतर दहाएक मिनिटांचे आहे.

कसबा बावडा रस्त्यावरचा न्यू पॅलेस काळ्या दगडात बांधलेला आहे, बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातले. मँट १८८१ मध्येच वारला, पुरा झालेला वाडा त्याने पाहिला नाही. राजघराणे अजून याच वाड्यात राहते. खालच्या मजल्यावर श्री छत्रपती शहाजी म्युझियम आहे. पोशाख, शस्त्रे, हौदे, पत्रे आणि शिकारीत मारलेल्या जनावरांचे पेंढा भरलेले देह यांनी खोल्या भरलेल्या आहेत. गर्दी वाघांपुढे होते. खरी पाहण्याजोगी गोष्ट दरबार हॉलमध्ये आहे. तिथल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग चितारले आहेत. बाहेर लख्ख ऊन असेल तेव्हाच त्या काचा खुलतात, म्हणून दुपारची वेळ. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, तेव्हा मोबाइल खिशातच ठेवावा.

राजवाड्यात शाहू महाराज भेटतात ते राजा आणि शिकारी म्हणून. १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे शाहू महाराज काचेच्या कपाटांत फारसे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा टाऊन हॉलच्या बाजूला, दसरा चौकात यावे लागते. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या वसतिगृहांपैकी मुस्लिम बोर्डिंग इथेच आहे. कोल्हापुरात वसतिगृहाला आजही बोर्डिंगच म्हणतात. २६ जून १८७४ रोजी महाराज जिथे जन्मले तो लक्ष्मीविलास पॅलेस न्यू पॅलेसच्या पुढे, कसबा बावड्यात आहे. वेळ उरला तर त्याच फेरीत तो जोडता येतो.

एवढे सगळे एका दिवसात बसते, मात्र हंगाम पाहून यावे. नवरात्रात आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जानेवारीच्या अखेरीला, देवळाच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती आहे ते विचारावे. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. अशा दिवसांत ब्रह्मपुरी आणि नदीघाटाचा बेत सोडावा आणि टाऊन हॉल उघडा आहे का एवढेच फोन करून विचारावे.