समुद्रातला ‘जिवंत दगड’ : पारख, पॅकिंग आणि पाठवणी

मरजान म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अंगठीतला तांबडा खडा येतो. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख आहे, हे आपण सर्व जाणतोच. आजचा विषय तो खडा नव्हे, पण त्याच्याच खानदानातला एक माल आहे. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत मांडण्यासाठी जो ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवंत दगड विकला जातो, तो मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो. दगड स्वतः जिवंत नसतो, त्याच्यावर आणि त्याच्या पोटात जी वस्ती असते ती जिवंत असते.

कापडाच्या माणसाने दगडाविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. माझा भाचा शारजात मत्स्यपेट्यांचे दुकान चालवतो. २००९ साली त्याने जकार्ताहून या दगडाच्या २० पेट्या मागवल्या, तेव्हा भांडवल माझे होते आणि मेहनत त्याची. त्या मालाचे काय झाले ते पुढे येईलच. त्यानिमित्ताने या धंद्याची जी माहिती करून घेतली, ती आखातात किंवा इतरत्र हा धंदा करू पाहणाऱ्या आपल्या मुलांच्या कामी यावी म्हणून येथे देत आहे.

दगडाचे काम काय?

मासा पाण्यात घाण करतो, उरलेले खाद्य सडते, आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला जहर आहे. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे हा दगड मत्स्यपेटीचा फिल्टर आहे. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात ही नैसर्गिक पद्धत मांडली. पुढे जर्मनीत बर्लिनच्या शौकिनांनी तिला स्किमरची जोड देऊन ती पक्की केली.

पारख

भाच्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी : “मामू, जड दगड घेऊ नका.” मला नवल वाटले, कारण दगड किलोवर विकला जातो आणि वजनदार म्हणजे भरीव असा आपला समज. येथे उलटे आहे. ज्या दगडात भोके जास्त, पोकळी जास्त, तो हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागतो, आणि त्यातच जिवाणूंना घर मिळते. ठोस दगड म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला धोंडा. जुना हिशेब असा की २०० लिटरच्या पेटीला २४ ते ३६ किलो दगड लागतो. पण माल पोकळ आणि फांद्याफांद्यांचा असेल तर त्याहून बराच कमी पुरतो. हलका दगड किलोला महाग वाटतो, पण पेटी भरण्याच्या हिशेबाने स्वस्त पडतो. कापड तागाने घ्यावे की वजनाने, या आपल्या रोजच्या प्रश्नासारखेच हे आहे.

दुसरी पारख नाकाची. चांगल्या दगडाला समुद्राचा, ओल्या शेवाळाचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर आत मरतूक झाली आहे असे समजावे. तिसरी पारख रंगाची. जांभळा-गुलाबी लेप हा चुना साठवणाऱ्या शेवाळाचा असतो आणि गिऱ्हाइकाला तोच आवडतो. पण रंगावर भुलू नये. रंग वरचा आहे, काम आतले आहे. पांढरा पडलेला दगडही काही महिन्यांत रंग धरतो. मऊ, काळपट स्पंज चिकटलेला दिसला तर तो खरवडून काढावा, कारण बहुतेक स्पंज हवा लागली की मरतात आणि सगळा माल नासवतात.

दगडाबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही येतात. ऐप्टेशिया नावाचे छोटे समुद्रफूल एकदा पसरले की निघत नाही. केसाळ पायांचे खेकडे मासे धरतात. रात्री पेटीतून टक्-टक् आवाज आला तर बहुधा तो मँटिस कोळंबी किंवा पिस्तूल कोळंबी असते. यावर एक उपाय असा की दगड पेटीत टाकण्यापूर्वी जास्त खाऱ्या पाण्यात मिनिटभर बुडवावा. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ असते, येथे ती १.०३५ ते १.०४० करतात. बरेच प्राणी आपणहून बाहेर पडतात.

पॅकिंग आणि भाडे

मासा पाण्यात पाठवतात, दगड पाण्यात पाठवत नाहीत. फिजी बेटांवर जेव्हा हा धंदा जोरात होता तेव्हा गावचे लोक ओहोटीच्या वेळी उथळ खडकावर जाऊन लोखंडी पहारीने दगड सुटे करीत, तराफ्यावर किनाऱ्याला आणीत. कारखान्यात त्यावर काही दिवस समुद्राच्या पाण्याची फवारणी होई आणि सडका भाग काढून टाकला जाई. मग दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पुठ्ठ्याच्या पेटीत भरत. आजही पद्धत हीच आहे. दगड ओला राहिला पाहिजे, पाण्यात बुडालेला नको, म्हणजे भाडेही वाचते आणि मालही टिकतो.

विमानभाड्याचा हिशेब समजून घ्यावा. कार्गोवाले खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त त्यावर भाडे घेतात. आकारमानाचे वजन काढताना ६००० घन सेंटिमीटरला १ किलो धरतात. ६० × ४० × ४० सेंटिमीटरची पेटी १६ किलो होते. तीत २० किलो दगड भरला तर भाडे खऱ्या वजनावर लागेल. म्हणून पेटी उगाच मोठी घेण्यात नुकसान नाही, पण ओल्या कागदाचा प्रत्येक किलो मात्र पैसे खातो. थर्माकोलमध्ये मासे मागवणाऱ्यांना याच्या उलट अनुभव असतो. दुसरे असे की दारापर्यंत पोहोचवणाऱ्या कुरियरपेक्षा विमानतळ ते विमानतळ भाडे बरेच कमी पडते. स्वतः टेम्पो घेऊन जावे आणि शेडमधून माल उचलावा. निघाल्यापासून ३६ ते ४८ तासांत दगड पुन्हा खाऱ्या पाण्यात गेला पाहिजे. त्यापुढे प्रत्येक तासाला मरतूक वाढते, आणि आखातातल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका.

आमच्या २० पेट्यांचे काय झाले

प्रवाळाचा दगड साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो. निर्यात करणाऱ्या देशाचे परमिट असल्याशिवाय तो हलत नाही. जिवंत प्रवाळ परमिटवर नगाने लिहितात, दगड मात्र किलोने. आमच्या परमिटवर ४०० किलो लिहिले होते, म्हणजे निव्वळ दगड. पाठवणाऱ्याने बिलावर लिहिले ४४०, कारण त्याने ओला कागद आणि पेटी धरून वजन टाकले. दगडाचे वजन आणि पेटीचे वजन ही दोन वेगळी कलमे आहेत, पण कागदावर तपासणाऱ्याला एवढेच दिसते की परमिटपेक्षा ४० किलो माल जास्त आला. माल अडला. दिवस गुरुवार, महिना जून. त्या काळी तेथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी दुरुस्तीचे पत्र आले, सोमवारी माल सुटला. २० पैकी ११ पेट्या उघडल्याबरोबर नाकाला रुमाल लावावा लागला.

पाठवणाऱ्याकडे भरपाई मागितली तर त्याने सांगितले, माशाची हमी असते, दगडाची नसते. दगड मेला हे कसे ठरवणार? आमच्या करारात त्याचा शब्दही नव्हता. ही चूक आमचीच. करारात हे लिहून घ्यावे : माल किती तासांत पोहोचेल, निव्वळ वजन आणि पेटीसह वजन वेगळे दाखवले जाईल, कागदातील चुकीने उशीर झाल्यास नुकसान कोणाचे, आणि पेटी उघडल्यापासून किती तासांत फोटोसह तक्रार करायची.

भागीदारी मुदारबतची होती. तीत नुकसान भांडवलवाल्याचे, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. मात्र त्याने कसूर केली असेल तर गोष्ट वेगळी. बिल आणि परमिट आधी ताडून न पाहणे ही कसूर म्हणावी की अननुभव? यावर घरात दोन मते झाली. मी अननुभव धरला आणि नुकसान सोसले. बहिणीच्या मुलाशी हुज्जत घालणे मला जमले नाही, हेही खरे.

खरी परीक्षा त्यानंतर आली. ११ पेट्यांतला दगड वरून धुऊन, उरलेल्या ९ मध्ये मिसळून विकणे सहज शक्य होते. गिऱ्हाइकाला आठवडाभर कळले नसते. मग अमोनिया चढला असता आणि त्याचे मासे मेले असते, तरी दोष पाण्यावर ढकलता आला असता. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलेपणा शोधणाऱ्या हजरत मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारले गेले. भाच्याने ११ पेट्या वेगळ्या हौदात टाकल्या.

हौदातले काम

या कामाला ‘क्युअरिंग’ म्हणतात. मोठ्या प्लॅस्टिकच्या टाकीत खारे पाणी, जोरदार पंप, चालू स्किमर, २५ ते २७ अंश तापमान आणि अंधार. अंधार अशासाठी की उजेडात सडक्या पाण्यावर नको ते शेवाळ माजते. मेलेला भाग प्लॅस्टिकच्या ब्रशने घासून काढायचा आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे. अमोनिया आणि नायट्राइट तपासणीत शून्य येईपर्यंत दगड विकायचा नाही. चांगल्या मालाला एक-दोन आठवडे पुरतात, नासलेल्याला ४ ते ६ लागतात. आमच्या ११ पेट्यांना सहावा आठवडा संपला, मीठ आणि विजेचा खर्च वेगळा. शेवटी तो माल ‘फक्त पायासाठी, जिवंतपणा कमी’ अशी चिठ्ठी लावून निम्म्या भावाने गेला. घेणारे परत आले, तक्रार कोणाची आली नाही.

ओल्या मालाच्या वजनाबद्दल आपल्या सुताच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओलावा सर्वमान्य धरतात, त्यावर गेला की वाद. या दगडाला तसा कोणताही ठरलेला आकडा नाही. भाचा आता दगड जाळीवर ठेवून दहा मिनिटे निथळवतो आणि मगच गिऱ्हाइकासमोर काट्यावर टाकतो.

भारतात काय?

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. जिवंत असो वा मेलेले, तोडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षे कैदेची आहे. लक्षद्वीप, अंदमान, कच्छचे आखात यांचे सोडा, आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा उचलून दुकानात ठेवणेही अंगाशी येऊ शकते. ‘जुना स्टॉक आहे, चालतो’ असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे.

बाहेरही जंगली माल आटत चालला आहे. फ्लोरिडाजवळचा उपसा १९९७ पर्यंत बंद झाला. तेथे खाणीतला चुनखडीचा दगड भाड्याच्या समुद्रतळावर टाकून ठेवतात, त्यावर वस्ती झाली की काढतात. फिजीने २०१७ च्या अखेरीस निर्यात बंद केली.

म्हणून हातचा दगड हा आता खरा धंदा आहे, आणि तो आपल्या कारागिरांना जमण्यासारखा आहे. एक भाग पांढरे सिमेंट, तीन ते चार भाग तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्यांचा जाडसर चुरा आणि एक-दोन भाग खडे मीठ, लाडू वळता येईल इतक्याच पाण्यात कालवायचे. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतायचे. दोन दिवसांनी काढून आठवडाभर ओलसर ठेवायचे, मग गोड्या पाण्यात बुडवायचे. मीठ विरघळले की तेथे भोके पडतात. आत तार, सळई घालू नये, आणि तांबे असलेला रंग तर मुळीच नको, तांब्याने कोळंबी व प्रवाळ मरतात. नवे सिमेंट पाण्याचा पीएच फार चढवते. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलत राहावे लागते, यात एक ते दोन महिने जातात. दगड त्याच पाण्यात चार दिवस राहूनही पीएच ८.५ च्या खाली राहिला, तर माल तयार.

भाच्याने असा दगड विकायला घेतला तेव्हा बिलावर काय लिहावे असे मला विचारले. मी सांगितले, ‘सिमेंटचा दगड, जिवाणू धरायला तीन-चार महिने लागतील’ एवढे लिही. आता तो तसेच लिहितो.