कोळंबी, कासव आणि विसावे कलम

सागरी कासव फुफ्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात सापडून ते बराच वेळ पाण्याखाली ओढले गेले तर गुदमरून मरते. त्यावरचा उपाय म्हणजे जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट. गजांच्या फटींतून कोळंबी मागच्या पिशवीत जाते, कासव मात्र चौकटीला अडून तिच्यालगतच्या झडपेतून बाहेर पडते. अशी चौकट न वापरणाऱ्या देशांची समुद्रातील कोळंबी घेण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेने 1989 मध्ये केला आणि 1996 मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे तो साऱ्या जगाला लागू झाला, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली.

व्यापारविषयक गॅट करारातील विसावे कलम संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी अपवादाची मुभा देते. तथापि त्या आडून देशादेशांत मनमानी भेदभाव किंवा छुपी व्यापारबंदी होऊ नये, अशी त्याची अट आहे. ही संपत्ती म्हणजे खनिजांसारख्या निर्जीव वस्तूच, हा भारताचा युक्तिवाद संघटनेच्या अपील मंडळाने 1998 मध्ये फेटाळला आणि कासवेही तीत येतात असे ठरवले. तरीही अमेरिका हरली, आणि ते योग्यच झाले, कारण कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे देणाऱ्या अमेरिकेने आशियाई देशांना जेमतेम चार महिने दिले होते आणि त्यांच्याशी करारासाठी गांभीर्याने बोलणीही केली नव्हती. पुढे अमेरिकेने नियम लवचिक करून वाटाघाटींची तयारी दाखवली, तेव्हा 2001 मध्ये मलेशियाची फेरतक्रार टिकली नाही. म्हणजे निर्बंधाचा हेतू मान्य होता, आक्षेप होता तो लादण्याच्या पद्धतीवर.

कायदेशीर तोल असा साधला गेला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तळ्यांत वाढवलेल्या कोळंबीला हा निर्बंध लागू नाही आणि भारताची निर्यात मुख्यतः अशाच कोळंबीची असल्याने मोठ्या निर्यातदारांना त्याची झळ फारशी लागली नाही. झडपेतून मासळीही निसटते म्हणून चौकटीला नाके मुरडणाऱ्या ट्रॉलरवाल्यांना मात्र, चौकट वापरत असल्याबद्दल अमेरिकेने दिलेले भारताचे प्रमाणपत्र 2019 मध्ये गेल्यावर, अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली. निसटलेल्या मासळीची भरपाई कोणी करायची, याविषयी विसाव्या कलमात एक शब्दही नाही.