बॉनेटवरच्या नावाची किंमत

१९१६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझिअर या शेतकऱ्याने एक ट्रॅक्टर विकत घेतला. ट्रॅक्टरवर नाव होतं 'फोर्ड'. मॉडेल टी मोटारीने हे नाव तोवर खेड्यापाड्यांत पोचवलं होतं, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला कुणाला फार विचार करावा लागत नसे. पण या ट्रॅक्टरचा हेन्री फोर्ड यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मिनिआपोलिसच्या काही मंडळींनी फोर्ड आडनावाचा एक माणूस कंपनीत घेतला आणि त्याच्या आडनावाने ट्रॅक्टर विकायला काढले. क्रोझिअर यांचं यंत्र शेतात टिकेना. कंपनीने बदलून दिलेलं दुसरंही तसंच निघालं.

पुढे क्रोझिअर राज्याच्या विधिमंडळात गेले आणि १९१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. नेब्रास्कात विकायचा ट्रॅक्टर आधी राज्याच्या विद्यापीठाने तपासला पाहिजे, कंपनी सांगते तेवढी ताकद त्यात खरोखर आहे का ते मोजलं पाहिजे आणि त्याचे सुटे भाग राज्यातच मिळाले पाहिजेत. १९२० पासून लिंकन शहरात या चाचण्या सुरू झाल्या. पहिला उतरला तो 'वॉटर्लू बॉय'. तिथे आजही ट्रॅक्टर तपासले जातात. बॉनेटवरच्या चार अक्षरांनी एका शेतकऱ्याला फसवलं आणि त्यातून साऱ्या जगाने मानलेली तपासणीची पद्धत उभी राहिली!

जुन्या ट्रॅक्टरांवरची नावं आणि चित्रं मला म्हणूनच इतकी विलक्षण वाटतात. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला इंजिन उघडून पाहता येत नव्हतं, पोलादाचा कस लावता येत नव्हता. त्याच्या हाती पारखायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे नाव. आयुष्यभराची पुंजी तो नावाच्या भरवशावर लावत होता. साहजिकच त्या नावासाठी कंपन्या कोर्टात गेल्या, भांडल्या आणि प्रसंगी त्यांनी नावाची लोखंडासारखी खरेदी-विक्रीही केली.

खुद्द हेन्री फोर्ड यांचंच पाहा. त्यांना ट्रॅक्टर काढायचा होता, पण मोटार कंपनीच्या भागधारकांना तो नको होता. शिवाय 'फोर्ड ट्रॅक्टर' हे नाव मिनिआपोलिसवाले आधीच वापरत होते. मग त्यांनी 'हेन्री फोर्ड अँड सन' ही वेगळी कंपनी काढली आणि १९१७ मध्ये जो ट्रॅक्टर बाहेर पडला त्याचं नाव झालं 'फोर्डसन'. जगातला सगळ्यात ओळखीचा उद्योगपती स्वतःचं आडनाव स्वतःच्या यंत्रावर जसंच्या तसं लावू शकला नाही. पण हेच आडवाटेचं नाव अमेरिकेतल्या कारखान्यांतून १९२८ पर्यंत सात लाखांहून जास्त ट्रॅक्टरांवर बसलं.

इंटरनॅशनल हार्वेस्टरची तऱ्हा आणखी वेगळी. मॅकॉर्मिक आणि डिअरिंग या कापणी यंत्रांच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या १९०२ मध्ये इतर काहींसह एकत्र आल्या. मालक एक झाले, पण गावोगावचे डीलर दोनच राहिले आणि त्यांची गिऱ्हाइकंही आपापल्या नावाला धरून राहिली. मग कंपनीने मॅकॉर्मिकच्या डीलरसाठी 'मोगल' आणि डिअरिंगच्या डीलरसाठी 'टायटन' असे वेगळे ट्रॅक्टर काढले. १९१८ मध्ये सरकारशी चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात समझोता झाला आणि एका गावात एकच डीलर ठेवण्याचं बंधन आलं. तेव्हा कुठे दोन्ही नावं एका ओळीत आली, 'मॅकॉर्मिक-डिअरिंग'. १९२४ च्या प्रसिद्ध 'फार्मऑल'वर मोठ्या अक्षरांच्या वर हीच जोडी बारीक अक्षरांत दिसते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यातलं 'डिअरिंग' गळालं. त्यामुळे जाणकार माणूस ही एक ओळ वाचून ट्रॅक्टरच्या वयाचा अंदाज बांधतो. रंगही मदतीला येतो: १९३६ च्या अखेरीपर्यंत फार्मऑल करडा होता, त्यानंतर तो लाल झाला.

नावाची किंमत पैशांत मोजायची तर विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरात जावं लागतं. जेरोम इन्क्रीज केस यांच्या नावाच्या तिथे दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. एक मळणी यंत्रांची, दुसरी नांगरांची. 'केस' कुणाचं यावर दोघींची वर्षानुवर्षं भांडणं चालली. १९२८ मध्ये कॅनडाच्या मॅसी-हॅरिसने नांगरांची कंपनी विकत घेतली. तिला हवे होते त्या कंपनीचे 'वॉलिस' ट्रॅक्टर. 'केस' या नावाची गरज नव्हती. तिने ते नाव वापरण्याचा हक्क मळणीवाल्या कंपनीला विकला, सात लाख डॉलरना. त्या व्यवहारात एक खिळासुद्धा हातात आला नाही. सात लाख डॉलर मोजले गेले ते फक्त चार अक्षरांसाठी.

सगळ्याच शेतकऱ्यांना वाचता येत नव्हतं, आणि येत असलं तरी लांबून चित्र आधी ओळखू येतं. केसने १८६५ मध्ये गरुडाचं चिन्ह घेतलं. तो गरुड खरा होता! 'ओल्ड एब' या नावाने तो अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या आठव्या पलटणीबरोबर रणांगणावर हिंडला होता. हे नावही राष्ट्राध्यक्ष एब्रहॅम लिंकन यांच्यावरून पडलेलं. शंभर वर्षांहून जास्त काळ, १९६९ पर्यंत, तो केसच्या यंत्रांवर बसून होता. जॉन डीअर कंपनीने उडी मारणारं हरीण १८७६ मध्ये नोंदवलं. १९६८ मध्ये त्याची नुसती छायाकृती उरली आणि चारांऐवजी दोनच पाय दिसू लागले. २००० मध्ये जमिनीवर उतरणारं ते हरीण वर झेपावू लागलं. म्हणजे इथेही पाय मोजून काळ सांगता येतो. जर्मनीत मानहाइमच्या लान्झ कंपनीचा १९२१ चा ट्रॅक्टर समोरून कुत्र्याच्या चेहऱ्यासारखा दिसायचा, म्हणून त्याला 'बुलडॉग' म्हणू लागले. नंतर दक्षिण जर्मनीत कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला लोक बुलडॉगच म्हणत राहिले.

आता हे नाव लोखंडावर चढायचं कसं? सुरुवातीची पद्धत सगळ्यात टिकाऊ होती. अक्षरं बिडातच ओतायची. फोर्डसनच्या रेडिएटरच्या वरच्या टाकीवरचं नाव असं उठावाचं आहे. गंज चढला तरी बोटांनी वाचता येतं. पण बॉनेटच्या पातळ पत्र्यावर हे जमत नाही. तिथे आधी स्टेन्सिल आणि पेंटरचा ब्रश चालायचा. कारखान्यातून रोज शेकड्यांनी ट्रॅक्टर बाहेर पडू लागले तसा ब्रश मागे पडला आणि कामाला आली अठराव्या शतकात युरोपातल्या चिनी मातीच्या भांड्यांवर रुळलेली युक्ती: कागदावर छापलेलं चित्र दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायचं.

या युक्तीतलं रसायन साधं आणि सुंदर आहे. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर द्यायचा, त्यावर एकेक रंग छापायचा आणि सगळ्यात वर पारदर्शक वॉर्निश. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि रंगांचा पातळ पापुद्रा अखंड सरकू लागतो. तो बॉनेटवर नेमक्या जागी ठेवायचा आणि खालचं पाणी व हवा फडक्याने दाबून बाहेर काढायची. वाळल्यावर अक्षरं रंगवल्यासारखी दिसतात. शिलाई यंत्रं आणि सायकलींवरची जुनी सोनेरी वेलबुट्टीही याच रीतीने उतरलेली आहे. पुढे पाठीला चिकटा असलेले प्लॅस्टिकचे स्टिकर आले आणि पाण्याची बादली कारखान्यातून गेली.

ऊन, डिझेलचे ओघळ आणि बसणाऱ्याच्या पँटचा घासा यांपुढे तो पापुद्रा फार टिकत नाही. मात्र जाताना तो खूण ठेवून जातो. अक्षरांखालच्या रंगाला तेवढी वर्षं ऊन लागलेलं नसतं, म्हणून बाजूचा रंग विटला तरी अक्षरांची जागा थोडी गडद राहते. तिरप्या उजेडात किंवा ओल्या कापडाने पुसल्यावर गेलेलं नाव पुन्हा वाचता येतं. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणारे जाणकार पॉलिश पेपर लावण्याआधी ही अक्षरं पातळ कागदावर गिरवून घेतात, कारण एकदा घासलं की तो पुरावा कायमचा गेला.

एकाच ट्रॅक्टरवर दोन माणसांची नावं बसली तेव्हा तर मोठीच कथा घडली. १९३८ मध्ये आयर्लंडचे संशोधक हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला. अवजार मागे तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची फर्ग्युसन यांची पद्धत आणि फोर्ड यांचा कारखाना. १९३९ च्या '९एन' ट्रॅक्टरच्या नाकावर वर 'फोर्ड' आणि खाली 'फर्ग्युसन सिस्टिम' असं लिहिलेलं आहे. पुढे फोर्ड यांच्या नातवाने हा करार मोडला, दावा उभा राहिला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसन यांना साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपली कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली आणि काही वर्षांत 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव तीन त्रिकोणांसह जगभर पसरलं. फर्ग्युसन यांची तीन ठिकाणी जोडणी आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे आहे, मग बॉनेटवर नाव कुणाचंही असो.

ही नावं आपल्याकडेही याच वाटेने आली. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला इंटरनॅशनलच्या ब्रिटिश कारखान्यातला 'बी-२७५' बनू लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. पुढे बॉनेटवरचं 'इंटरनॅशनल' गेलं, पण 'बी-२७५' हा आकडा शेतकऱ्यांच्या तोंडी राहिला. मॅसी फर्ग्युसन १९६० च्या दशकापासून मद्रासच्या टॅफे कंपनीने बनवला. तिचा अमेरिकेच्या ॲग्को या मूळ हक्कदार कंपनीशी या नावावरून वाद पेटला आणि २०२५ च्या समझोत्यानंतर भारत, नेपाळ आणि भूतान या देशांपुरतं ते नाव टॅफेचं झालं. रसीनच्या व्यवहाराला तेव्हा सत्त्याण्णव वर्षं झाली होती, आणि पुन्हा एकदा कारखाना नव्हे तर नाव हाच वादाचा मुद्दा होता.

कंपन्या नावासाठी एवढं मोजतात, कारण त्यातला भरवसा कुणालाही कारखान्यात तयार करता येत नाही. तो नांगरटीच्या हंगामात बंद न पडलेल्या यंत्राने, तालुक्याच्या गावी वेळेवर मिळालेल्या सुट्या भागाने आणि एका शेतकऱ्याने शेजारच्याला दिलेल्या सल्ल्याने साठत जातो. तुमच्या गावात एखादा जुना ट्रॅक्टर उभा असेल तर त्याच्या रेडिएटरची टाकी, बॉनेटच्या दोन्ही बाजू आणि गिअरबॉक्सजवळची नंबराची पट्टी नीट वाचा. आणि तो रंगवायला नेण्याआधी त्या अक्षरांचे फोटो मात्र जरूर काढून ठेवा.