राकसकोपच्या तलावाकाठी

पावसाळा ओसरला, भाताच्या लोंब्या भरू लागल्या आणि आकाशाला निळा रंग आला, की बेळगावच्या माणसाला पश्चिमेकडील डोंगरांचे वेध लागतात. रविवार उजाडला की शिदोरीचे डबे बांधून, मुलाबाळांना घेऊन, कोणी वैजनाथाच्या डोंगराकडे निघतो, तर कोणी बेळगुंदीच्या वाटेने राकसकोपच्या तलावाकडे. शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात. ज्या तलावाच्या काठावर आपण सतरंजी अंथरतो, तो तलाव आहे तरी काय, आणि त्याच्याजवळ कसे वागावे, याविषयी आज थोडे बोलावे असे योजिले आहे.

राकसकोपचा तलाव निसर्गाने केलेला नव्हे. मार्कंडेय नदीला बांध घालून तो १९६२ साली तयार झाला, आणि तो बांधला सहलीकरिता नव्हे, तर बेळगाव शहराच्या तहानेकरिता. तत्पूर्वी शहर मुख्यतः विहिरींवर जगत असे. विहिरींचे पाणी किती बेताचे होते याची एक खूण टिळकवाडीत आजही उभी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन बेळगावास भरले, तेव्हा हजारो पाहुण्यांना पाणी पुरावे म्हणून तेथे एक प्रशस्त विहीर खोदण्यात आली. तिला पंपा सरोवर असे नाव मिळाले. लोक मात्र तिला काँग्रेस विहीर म्हणतात. एका अधिवेशनासाठी नवी विहीर खोदावी लागणाऱ्या गावाला, पुढे लोकवस्ती वाढल्यावर नदी अडविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता नदी कोठे अडवावी, हा प्रश्न पावसाने सोडविला. आपल्याकडील पावसाची रीत मोठी विलक्षण आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी अडीचशे-तीनशे इंच पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो सुमारे पन्नास इंचांवर येतो, आणि तसेच पूर्वेकडे गोकाकपर्यंत गेले की वीस-पंचवीस इंचही कष्टानेच भरतात. समुद्रावरून येणारे वाऱ्याचे लोट सह्याद्री चढताना आपले ओझे टाकीत येतात आणि पूर्वेकडे उतरेपर्यंत रिते होतात. म्हणून शहराला पाणी हवे तर शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या जवळ, हात पसरावयास हवा. राकसकोप नेमके त्या जागी आहे. बैलूरच्या बाजूला उगम पावणारी मार्कंडेय येथे अजून बालवयातच असते. बांधावरून पुढे गेलेले तिचे पाणी बेळगावच्या उत्तरेकडून वाहत जाते, गोडचिनमलकीच्या धबधब्यावरून उडी घेते आणि गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. तेथून कृष्णा, आणि कृष्णेवाटे बंगालचा उपसागर. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला थेंब मात्र दोन-चार दिवसांत अरबी समुद्र गाठतो. दोन थेंबांत अंतर असते अवघ्या काही मैलांचे!

जुलै महिन्यात आपली वृत्तपत्रे या तलावाची पातळी रोज छापतात. तलाव पूर्ण भरला की ती २४७५ फूट होते. हा आकडा ऐकून एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, "सर, तलाव एवढा खोल आहे?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. मोठी माणसेही या आकड्याला खोली समजतात. ही उंची मोजलेली असते समुद्रसपाटीपासून. तलावाचा तळही समुद्रापासून दोन हजार फुटांहून अधिक उंचावरच आहे. बेळगाव शहर सुमारे २५०० फुटांवर वसलेले आहे. म्हणजे भरलेल्या तलावाचा पृष्ठभाग आणि शहराची जमीन जवळजवळ एकाच उंचीवर येतात. त्यामुळेच राकसकोपचे पाणी आपोआप नळाला येऊ शकत नाही. हिंडलग्याच्या पंपगृहातून ते वर चढवावे लागते, लक्ष्मी टेकडीवर शुद्ध करावे लागते, आणि मगच ते आपल्या घागरीत पडते. वीज गेली की नळ का कोरडे पडतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या तलावाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपण सीमाभागातील माणसांनी तरी विसरू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. सहा वर्षांनी तलाव झाला तो या नव्या रेषेच्या अगदी कडेला. बांध एका राज्यात, आणि फुगलेले पाणी दुसऱ्या राज्यातील तुडये गावाच्या शिवारापर्यंत! तुडये परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, आणि पाणी आले ते बेळगावच्या नळांना. राज्याची सीमा पाण्याला कळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ज्याचे शेत गेले त्याला मात्र ती चांगलीच कळते, कारण गाऱ्हाणे नेमके कोणत्या दारी न्यावयाचे, हेच त्याला पुष्कळदा उमगत नाही. काठावर बसून आपण ज्या निळ्या विस्ताराचे कौतुक करतो, त्याच्याखाली कोणाची तरी भातखाचरे आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

त्या भातखाचरांचा उल्लेख मी दुसऱ्याही कारणासाठी केला. पाण्याखालची जमीन कशी आहे, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि हाच आजच्या भाषणाचा खरा मुद्दा आहे.

आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले विहिरीत पोहावयास शिकतात. पाठीला सुकडी बांधून वडील माणूस मुलाला पाण्यात सोडतो आणि चार दिवसांत मूल तरंगू लागते. उत्तम रीत आहे. पण विहिरीचा पोहणारा आपल्याला पोहता येते असे समजून तलावात उतरतो, तेथेच घात होतो. विहिरीत कोणत्याही बाजूला चार हात मारले की कठडा किंवा पायरी हाताला लागते. तलावात तसे काही नाही. काठावरून समोरचे झाड जवळ दिसते. पाण्यात शिरल्यावर ते दूर दूर जाते, आणि परतावे म्हटले तर दम संपलेला असतो.

दुसरे असे की, धरणाच्या तलावाचा काठ नदीच्या घाटासारखा एकसारखा उतरत जात नाही. बुडालेल्या खाचरांचे बांध आत तसेच असतात. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या मुलाचा पाय बांधाच्या कडेवरून सुटला, की पुढच्या पावलाला पाणी छातीला लागते, आणि त्यापुढे नदीचे मूळ पात्र आले तर तळच लागत नाही. त्यातून पाणी वर्षभर खालीवर होत असते. दिवाळीत जेथे पाणी होते तेथे शिमग्याला चिखल उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, आणि आत मऊ गाळ असतो. या गाळात पाय रुतला की तो ओढून काढण्याच्या धडपडीत माणूस अधिकच खचतो. पाण्याच्या थरांचीही गोष्ट अशीच आहे. उन्हाने वरचे हातभर पाणी कोमट होते, खालचे थंडगार राहते. भरल्या पोटी, उन्हात तापलेल्या अंगाने उडी मारणाऱ्याची छाती त्या गारठ्याने एकाएकी आवळून येते, आणि श्वास घ्यावयाचा तो नाकातोंडात पाणी घेऊन बसतो.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही ध्यानी ठेवावे. नाटकसिनेमांत तो हात उंचावून हाका मारतो. प्रत्यक्षात त्याचे तोंड पाण्याशी खालीवर होत असते. श्वास घेण्यालाच वेळ पुरत नाही, तेथे हाक कोठून येणार? पाच पावलांवर बसून गप्पा मारणाऱ्या मंडळींना काही कळत नाही. म्हणून सहलीला गेल्यावर पाण्याकडे पाठ करून कोणीही बसू नये, आणि मुलांची मोजणी तास-दोन तासांनी नव्हे, तर पंधरा-पंधरा मिनिटांनी करावी.

हे भय काल्पनिक नव्हे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर बेळगावहून सहलीस गेलेल्या मुलींपैकी चौघी पाण्यात पडून मरण पावल्या. छायाचित्र घेताना पाय घसरला, एवढेच निमित्त. शेवाळलेला खडक आणि हातातील यंत्राकडे लागलेली नजर, इतके पुरते. सहलीचे संमतीपत्र भरून देताना आईबापांनी आमच्यावर केवढा विश्वास टाकलेला असतो, या जाणिवेने अशी बातमी वाचताना आम्हां शिक्षकांचा हात थरथरतो.

समजा, कोणी पाण्यात गेलेच, तर काय करावे? आपल्याकडे सगळे मिळून उड्या टाकतात, आणि एकाच्या जागी तिघे जातात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला घट्ट मिठी मारतो. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून प्रथम काठावरूनच काही तरी फेकावे: दोर, लांब काठी, पदराला पदर बांधलेली साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. असा पाच लिटरचा कॅन मोठ्या माणसाचे डोके पाण्यावर ठेवू शकतो. सहलीच्या सामानात पन्नास फूट दोर आणि असे दोन कॅन असावेत. क्रिकेटची बॅट न्यावयाची राहिली तरी चालेल!

बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबण्याची किंवा गरगर फिरविण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी; तिने मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. त्याला सपाट जागी उताणे निजवावे, मान किंचित मागे करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा, आणि छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने व भरभर दाब द्यावा. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो; परंतु सीमेच्या काठावर उभे राहून तो फिरविताना आपण बेळगाव तालुक्यात आहोत की चंदगड तालुक्यात, हे गावाच्या नावासकट सांगावे.

ज्यांना पाण्याजवळ बसण्याचाच आनंद हवा आहे, त्यांच्यासाठी शहरातील किल्ला तलाव आहे. येथील ११० मीटर उंचीच्या स्तंभावर १२ मार्च २०१८ रोजी राष्ट्रध्वज प्रथम फडकला. निपाणीकरांना आपला जवाहर तलाव जवळ आहे. हुक्केरी तालुक्यातील हिडकलचा जलाशय मात्र निराळ्याच मापाचा, एक्कावन्न टी.एम.सी.चा, एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. उन्हाळ्यात त्याचे पाणी उतरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठलमंदिर वर येते आणि लोक दर्शनाला लोटतात. तेथील गाळाविषयीही मघाशी सांगितले तेच लागू.

राकसकोपला जावयाचे तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा. पाणी निवळलेले असते, पाणकावळे आणि बगळे काठाला दिसतात, आणि सकाळी नऊपर्यंत धुके राहते. बांधाच्या बाजूस रखवालदाराने अडविले तर हुज्जत घालू नये. भांडी तलावात विसळू नयेत, उष्टे व पत्रावळी परत आणाव्यात. ते पाणी दोन दिवसांनी आपल्याच माठात येणार असते. आणि पिण्याचे पाणी घरून न्यावे, कारण पिण्याच्या पाण्याचा तलाव असला तरी लक्ष्मी टेकडी ओलांडून आल्याखेरीज ते पिण्याजोगे होत नाही.